एकेचाळीस ठोके

ओगुस्त साविओनं डोंगर चढायचे बूट विकत घेतले ही बातमी तो दुकानातून घरी पोचायच्या आधीच सू-रॉश गावात पोचली होती. त्यात नवल काही नव्हतं. ज्या औषधविक्रेत्यानं तीस वर्षं गावातल्या प्रत्येकाची मूळव्याध आणि प्रत्येकाच्या झोपेच्या गोळ्या तोंडपाठ ठेवल्या, तो निवृत्त झाल्यावर त्याच्यावर नजर ठेवणं हा गावाला आपला हक्क वाटत होता. फिट्टंफाट.

शिवाय हा माणूस चारशे मीटरवरच्या बेकरीतही गाडीनं जाणारा. त्यामुळे बूट कशासाठी, यावर ओदीलच्या कॅफेत बसून गावानं तीन शक्यता काढल्या. एक, हृदय. दोन, जमीन विकायची असेल, म्हणून हद्द पाहायला निघाला असेल. तिसरी शक्यता बाईची होती, पण बूट पाहिलेल्या ओदीलनं ती तिथल्या तिथे निकालात काढली. बाई असती तर असले बूट घेतले नसते, म्हणाली.

निष्कर्ष निघेना, तेव्हा गाव सल्ल्यावर आलं. नवे बूट आंघोळीच्या टबात बसून पायावरच भिजवावेत. आत दोन मोजे घालावेत, पैकी एक उलटा. टाचेला साबण चोळावा. पाद्रीबुवांनी बुटात जर्दाळूची दारू शिंपडायला सांगितलं आणि ती कोणत्या सालची असावी हेही सांगितलं. ओगुस्तनं प्रत्येकाला नम्रपणे नकार दिला आणि घरी जाऊन सगळे उपाय एकदम केले. संध्याकाळी लुसिएन, म्हणजे त्याची बायको, न्हाणीघरात डोकावली तेव्हा तो बूट घालून टबात बसला होता आणि खोलीला एखाद्या लग्नघराचा वास येत होता. तिनं दार लावून घेतलं. अडतीस वर्षांच्या संसारात ती एवढं नक्की शिकली होती की काही दारं आधी लावावीत आणि मग विचार करावा.

खरं कारण पाणी होतं.

सू-रॉशला पाणी मिळतं ते मधल्या पाटाचं. वरचा पाट दोनशे वर्षांपूर्वी कड्यासकट कोसळला, आणि खालचा बांधायचा ठराव अजून मंजूर व्हायचा आहे, म्हणून हा मधला. हिमनदीच्या ओढ्यावर त्याचं मुख. तिथून नऊ किलोमीटर तो डोंगराच्या कुशीकुशीनं येतो, मध्ये एका ठिकाणी कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळीतून. काठानं माणूसभर रुंदीची वाट आहे. शहरातले लोक त्या वाटेनं चालायला येतात आणि पाण्याचा आवाज ऐकून शांत होतात. गावातले लोक तोच आवाज ऐकून अस्वस्थ होतात, कारण ते पाणी त्या क्षणी दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

ओगुस्तची पाळी दर सतराव्या दिवशी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. त्या बारा तासांत वाटेवरच्या सगळ्यांनी पाटावरची आपापली पाण्याची दारं बंद ठेवायची आणि सगळं पाणी पाटाच्या अगदी टोकाला, ओगुस्तच्या बागेत जायचं. बाग म्हणजे दगडी बांधाच्या एका पायरीवरची जर्दाळूची चौदा झाडं. वडिलांनी लावलेली. गेली दोन वर्षं त्यांचं फळ सुपारीएवढं होऊन गळत होतं, आणि दोन झाडांचे शेंडे वाळायला लागले होते.

पाणी कमी येतंय, हे ओगुस्तनं मोजलं होतं. पाटावर, गावाच्या खालच्या अंगाला, एक लहान पाणचक्की आहे. ती फिरते तेव्हा तिला जोडलेला लाकडी हातोडा फळीवर आपटतो. टक्, टक्, टक्, गावभर ऐकू येतं. हातोडा थांबला की पाटकरीण जेर्मेन हातातली भाकरी टाकून फावडं घेऊन पळते, कारण वर कुठेतरी पाट फुटलेला असतो. ओगुस्तच्या वडिलांच्या वहीत नोंद होती: आपल्या पाळीला मिनिटाला एकेचाळीस ठोके. ओगुस्तनं दोन उन्हाळे, प्रत्येक पाळीला, तासातासानं मोजले. चौतीस.

सात ठोक्यांचं पाणी कुणीतरी चोरत होतं, आणि ते कोण हे ओगुस्तला ठाऊक होतं. हेर्मान.

हेर्मानची बाग ओगुस्तच्या बागेला लागून, पाटावर त्याचं दार ओगुस्तच्या दाराच्या अगदी वर. दोन वर्षांपूर्वीच त्यानं अंगणात तळं खणून ट्राउट मासे सोडले होते. तळं दोन वर्षांपूर्वीचं, ठोके दोन वर्षांपूर्वी घटलेले. आणखी काय हवं? शिवाय हेर्मान रस्त्यात दिसला की आधी तोच नमस्कार करी. चोर असल्याशिवाय माणूस इतक्या तत्परतेनं नमस्कार करत नाही, असं ओगुस्तचं मत होतं. गावात पाद्रीबुवांपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांशी अरे-तुरेनं बोलायची रीत. हेर्मानला मात्र ओगुस्त दोन वर्षं 'अहो' म्हणत होता. सू-रॉशमध्ये हे शिवी देण्यापेक्षा वाईट समजतात.

वसंतातल्या पाणीसभेत त्यानं तो शब्द उच्चारला. चोर. सभा शांत झाली, कारण त्यालाही रीत आहे. पाटावर हक्क असलेल्या प्रत्येक घराची एक काठी आहे, अक्रोडाची, त्यावर घराची खूण आणि पाण्याच्या तासांच्या खाचा. सगळ्या काठ्या ओदीलच्या कॅफेतल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात. जो चोरीचा आरोप करतो त्याची काठी जेर्मेन त्याच वेळी उलटी टांगते. पुरावा आणला की सुलटी. उन्हाळा संपेपर्यंत आणला नाही, तर भर सभेत उभं राहून माफी मागायची आणि सगळ्यांना वाईन पाजायची. साविओ घराण्याची काठी तीनशे वर्षांत कधी उलटी झाली नव्हती. आता ओगुस्त कॉफी प्यायला गेला की ती समोर उलटी दिसे, आणि ओदील कॉफी नेमकी तिच्या खालच्या टेबलावर ठेवी.

तर पुरावा. ओगुस्त शास्त्राचा माणूस होता. फ्लुओरेसिन नावाची एक भुकटी असते. डोळ्याच्या बुबुळावरचा ओरखडा पाहायला डॉक्टर ती थेंबभर वापरतात, आणि जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते शोधायलाही तीच वापरतात. कोरडी असताना शेंदरासारखी, पाण्यात पडली की हिरवीगार, चमकणारी, माणसाला आणि माशाला निरुपद्रवी. दुकान विकताना ओगुस्तनं तिची अडीचशे ग्रॅमची बरणी मागे ठेवली होती. आपल्या पाळीच्या दिवशी पाटाच्या मुखाशी वीस ग्रॅम टाकायची. त्या दिवशी ज्याच्याकडे हिरवं पाणी दिसेल तो चोर. यात वादाला जागाच नव्हती.

कायदा मोडणारा माणूस नव्हता तो, म्हणून त्यानं आधी जिल्ह्याच्या गावी पाण्याच्या खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की अर्ज तीन प्रतींत करावा, नकाशा जोडावा, आणि काही घडल्यास माशांची जबाबदारी कोण घेणार ते लिहून द्यावं. ओगुस्तनं तीन प्रती, नकाशा आणि माशांची जबाबदारी पाठवली. पाच आठवड्यांनी दुसरं उत्तर आलं. पाट खाजगी हक्काचा असल्यामुळे सर्व हक्कदारांच्या लेखी संमतीशिवाय परवानगी देता येत नाही, सोबत कोरा तक्ता जोडला आहे. म्हणजे चोराला पकडायला चोराची सही आणायची. ओगुस्तनं तो तक्ता घडी घालून वहीत ठेवला. वाईट अक्षरात त्यावर 'वेडे' असं लिहिलंही, पण पेन्सिलीनं, म्हणजे पुढेमागे खोडता येईल.

आता विनापरवानगी. म्हणजे गुपचूप. म्हणूनच बूट.

पर्यटन कचेरीतल्या मुलीनं पहिला खोडा घातला. वसंतात दरड आल्यापासून टांगत्या पन्हळीवरून एकट्यादुकट्याला जायला बंदी होती. शनिवारी मात्र गट जातो, बसनं मुखापर्यंत आणि तिथून पाण्याबरोबर चालत गावात. ओगुस्तची पुढची पाळी नेमकी शनिवारीच होती. त्यानं नाव लिहिलं, वय लिहिलं, रक्तगट लिहिला, आणि मग खाली वाटाड्याचं नाव वाचलं. हेर्मान.

परत फिरायचं तर रक्तगट लिहून झाला होता.

शनिवारी सकाळी साडेआठला ते मुखाशी उभे होते. झ्युरिकहून आलेले सहा जण, त्यांतला एक दंतवैद्य हरेक गोष्टीचा फोटो काढणारा, आणि ओगुस्त. हेर्माननं सगळ्यांना शिरस्त्राणं वाटली. ओगुस्तचं त्यानं स्वतः हनुवटीखाली बांधलं, लहान मुलाचं कानटोपरं बांधावं तसं.

"घट्ट नाही ना होत?" हेर्माननं विचारलं.

"आपल्याला त्रास नको," ओगुस्त म्हणाला.

गट दरवाजाची यंत्रणा पाहत होता तेवढ्यात ओगुस्त एका खडकामागे गेला. बरणीचं झाकण दोन वर्षांत घट्ट बसलं होतं. त्यानं ते फिरवलं. मग दातांनी धरून बरणी फिरवली. खडकापलीकडून हेर्मानचा आवाज आला, ओगुस्त, सगळं ठीक ना? लघवीला बसलोय, असं उत्तर द्यावं लागलं, आणि सहा झ्युरिककरांनी ते ऐकलं. त्या अपमानाच्या भरात त्यानं जोर लावला. झाकण निघालं. भुकटी दोन्ही हातांवर सांडली आणि बरणी अडीचशे ग्रॅमांसकट पाटात पडली.

वीस ग्रॅमांचा हिशेब त्यानं तीन रात्री बसून केला होता. साडेबारा पट मात्रेचा हिशेब त्याला करावा लागला नाही. तो समोरच वाहत होता.

पाणी मिनिटभरात पाचूसारखं झालं. ओगुस्तनं हात धुतले, तेव्हा मात्रेत आणखी भर पडली आणि हात मात्र हळदीच्या लोणच्यासारखे पिवळे-केशरी राहिले. त्यानं ते खिशात घातले. टांगत्या पन्हळीवर हात खिशात घालून चालणारा तो इतिहासातला बहुधा पहिलाच माणूस असेल. हेर्मान दर पन्नास पावलांनी मागे वळून त्याच्याकडे पाही, आणि मग पाण्याकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे.

पाटाच्या पाण्याचा वेग आणि चालणाऱ्या पर्यटकाचा वेग जवळजवळ सारखा असतो, ही गोष्ट ओगुस्तनं लक्षात घेतली नव्हती. तो हिरवा पट्टा त्यांच्याबरोबर चालत होता. ते थांबले की तो थोडा पुढे जाई, आणि वाट उताराची झाली की ते त्याला गाठत.

"पाणी नेहमी असंच असतं का?" दंतवैद्यानं विचारलं.

ओगुस्तनं हात खिशात आणखी खोल घातले.

"खनिजं," हेर्मान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बर्फ वितळतं तेव्हा येतात."

हा माणूस इतक्या सहज खोटं बोलतो, म्हणजे काय काय करत असेल, असं ओगुस्तच्या मनात आलं. खोटं आपल्याला वाचवायला बोललं गेलं असेल, ही शक्यता त्यानं तपासून पाहिली आणि संशयास्पद म्हणून बाजूला ठेवली.

अकराच्या सुमाराला राईची भाकरी आणि वाळवलेलं मांस खायला सगळे एका देवदाराखाली बसले. भाकरी खायला हात लागतातच. हेर्माननं ते पाहिले. तो उठून ओगुस्तच्या शेजारी येऊन बसला, चाकूनं चीज कापून अर्धं त्याच्या पुढे केलं आणि हलक्या आवाजात बोलू लागला. खालून, खूप लांबून, हातोडा ऐकू येत होता.

"ओगुस्त, एक विचारू? हातोडा माझ्या दाराच्या वर आहे की खाली?"

"वर. शंभर पावलं."

"मी पाणी घेतलं तर ते हातोडा ओलांडून आल्यावर घेणार. मग तुझे ठोके कमी कसे होतील?"

ओगुस्त चावायचा थांबला. देवदाराची एक सुई त्याच्या गुडघ्यावर पडली. ज्या माणसानं आयुष्यभर मिलिग्रॅममध्ये विचार केला, त्यानं दोन उन्हाळे तासातासानं पुरावा गोळा केला होता, आणि तो सगळा पुरावा आरोपीच्या बाजूचा होता.

"हे तुम्ही दोन वर्षं का बोलला नाहीत?"

"तू मला अहो म्हणायला लागला होतास," हेर्मान म्हणाला. "गावात तेवढाच एक मान देणारा. कशाला मोडा?"

म्हणजे चोर हातोड्याच्या वर. गाव आता दिसायला लागलं होतं, आणि हिरवा पट्टा त्यांच्या दहा मिनिटं पुढे गेला होता.

पहिली दिसली सरपंचाची गाय, गेल्या वर्षीच्या गायींच्या झुंजीत राणी झालेली. काळीभोर, गळ्यात मोठी घंटा, आणि तोंड हिरवं. तिच्या डोणीत पाटातून बोटाएवढी एक नळी आली होती. पुढे हॉटेल. त्याच्या पोहण्याच्या तलावात एक वृद्ध बाई पाठीवर तरंगत होत्या, चहूबाजूंनी पाचू, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पैसे वसूल झाल्याचं समाधान. चर्चमागे पाद्रीबुवांच्या सॅलडवर हिरव्या तुषारांचं कारंजं उडत होतं. सॅलड मुळातच हिरवं असल्यामुळे पाद्रीबुवांना अजून पत्ता नव्हता. ओदीलच्या कॅफेमागच्या दगडी हौदात वाईनच्या बाटल्या गार होत होत्या, आणि हौदातलं पाणी बाटल्यांपेक्षा हिरवं होतं. पुढे लोहाराकडे, नोटरीकडे, शाळेच्या गच्चीवरच्या कुंड्यांत. ओगुस्तनं पेन्सिल काढली होती. नवव्या नावानंतर त्यानं ती ठेवून दिली. चोर सापडावा म्हणून माणूस जाळं टाकतो. अख्खं तळंच जाळ्यात आलं तर ते ओढायचं कुणी?

दहावा पाइप मनगटाएवढा जाड होता. तो पाटातून निघून एका कुंपणाखालून आत गेला होता. कुंपण ओगुस्तला ओळखीचं वाटलं. त्याला रंग त्यानंच दिला होता.

आत लुसिएन गुलाबांना पाणी घालत होती. दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या, त्या आता पांढऱ्या नव्हत्या.

"हा पाइप कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

"तू निवृत्त झालास तेव्हापासून. दिवसभर घरात बसायला लागलास ना. मला बाहेर काहीतरी काम हवं होतं."

"आणि हे गुलाब नळाच्या पाण्यावर वाढतात असं मी समजत होतो."

"नळाचं बिल तूच भरतोस. दोन वर्षांत वाढलं का कधी?" तिनं पाइप खाली ठेवला आणि त्याच्या हातांकडे पाहिलं. "चादरी तुझ्या हातानं धुवायच्या, ओगुस्त. त्या हातांना आता फरक पडत नाही."

तो खाली गेला, हातोड्यापलीकडे, हेर्मानच्या अंगणात. एकच आशा उरली होती. तळ्यात तळाचे खडे दिसत होते. मासे दिसत होते. पाणी आरशासारखं स्वच्छ, आणि छपराच्या पन्हळीतून एक पत्र्याची नळी त्यात उतरली होती. पावसाचं पाणी. अख्ख्या सू-रॉशमध्ये एकटा हेर्मान चोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तातडीची पाणीसभा भरली. ओगुस्त भर जुलैत लोकरीचे हातमोजे घालून आला, आणि त्यावर कुणीही एक शब्द बोललं नाही, यावरून त्याला सभेचा रोख कळला. सरपंच म्हणाला की शनिवारी पाण्यात काही रंग होता अशी अफवा त्याच्या कानावर आली आहे. आपण स्वतः काही पाहिलेलं नाही. हॉटेलवाल्यानं पाहिलेलं नव्हतं. पाद्रीबुवा म्हणाले की ते शनिवारी डोळे मिटून चिंतनात होते. नोटरीनं मसुदा आणलाच होता: शनिवारी पाणी नेहमीच्याच रंगाचं होतं, नसल्यास ते शेवाळ होतं. हात वर झाले. ओगुस्तनं मोजले, तेही सवयीनं. एकमतानं, एक वजा. हेर्माननं हात वर केला नव्हता.

"हेर्मान, तुझं काय?" जेर्मेननं विचारलं.

"मी वाटाड्या आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांना खनिजं सांगून बसलोय. आता शेवाळ कसं म्हणू?"

मग सगळ्यांनी ओगुस्तकडे पाहिलं. भिंतीवर काठी उलटी होती. पुरावा असा काही उरलाच नव्हता. जो होता तो दोरीवर वाळत होता. ओगुस्त उभा राहिला. आयुष्यात त्यानं हजारो लोकांना वाईट बातम्या कागदी पुडीत बांधून दिल्या होत्या, पण स्वतःची कधी उघडली नव्हती.

"हेर्मान चोर नाही," तो म्हणाला. "मी चूक केली. सभेत म्हणालो, सभेतच परत घेतो. अरे हेर्मान, मला माफ कर." आणि थोडं थांबून, सगळीकडे नजर फिरवत, "या खोलीत मी फक्त त्याच्याचबद्दल हे सांगू शकतो."

बाकीचे सगळे आपापल्या पेल्यात पाहू लागले. जेर्मेननं काठी सुलटी केली आणि इतिवृत्तात लिहिलं की हेर्मान प्रामाणिक आहे. वाईन ओगुस्तनं पाजली. ती ओदीलच्या हौदातली असल्यामुळे बाटल्यांची लेबलं हिरवट होती. तीही कुणाला दिसली नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दंतवैद्याचे फोटो पर्यटन कचेरीनं 'पाचूचा पाट' म्हणून लावले, आणि पाणी पुन्हा कधी हिरवं होणार म्हणून रोज विचारणा येऊ लागली. ओगुस्त पर्यटन कचेरीवरून गेला तरी गावाला धडकी भरे. याच्याकडे आणखी एखादी बरणी असेल का? आता लाल असेल का? पुढच्या सतरा दिवसांत गावातल्या पाटाकाठच्या दहाही नळ्या उपटल्या गेल्या, आणि बुजवलेल्या जागी वर गवत लावण्यात आलं. लुसिएननंही पाइप काढला, पण त्याआधी तिनं नवऱ्याकडून चादरी तीनदा धुवून घेतल्या.

ओगुस्तच्या पुढच्या पाळीला, मंगळवारी, दहा वाजता तो बागेत बसला होता. जर्दाळू पूर्ण पिकायला आठवडा बाकी होता. त्यानं घड्याळ काढलं आणि हातोडा मोजला. एकेचाळीस असायला हवे होते. पन्नास झाले. पुन्हा मोजले, त्रेपन्न. अकराला मोजता येईनात, हातोडा एखाद्या घाईतल्या पाहुण्यासारखा दार ठोठावत होता. मग त्याच्या लक्षात आलं. वडिलांच्या वहीतले एकेचाळीस ठोके म्हणजे भरलेला पाट नव्हताच. ते वडिलांच्या काळची चोरी वजा जाऊन उरलेलं पाणी होतं. त्या पाण्याच्या मापानं हा बांध रचला होता, या पायरीची उंची ठरवली होती, ही झाडं लावली होती. पाचशे वर्षांत आज पहिल्यांदा सू-रॉशमध्ये कुणीच चोरी करत नव्हतं.

साडेअकराला पाणी दाराच्या फळीवरून उसळून बागेत शिरलं. पहिल्या झाडाच्या मुळाशी माती वाहू लागली. बांधाच्या दगडांतून आधी थेंब, मग धारा, आणि मधला भाग पोटासारखा फुगला. मुखाशी निरोप पाठवून उपयोग नव्हता. पाणी आत्ता बंद केलं तरी पाटात आधीच असलेलं चार तास येत राहिलं असतं. वर, वेळेत पोचता येईल असं, एकच दार होतं जिथून ते वळवता आलं असतं.

हेर्मान अंगणात खुर्ची टाकून माशांना पीठ घालत होता.

"दार उघड," ओगुस्त म्हणाला. गुडघ्यापर्यंत चिखल, शिरस्त्राण नसलेलं डोकं, आणि सतरा दिवसांनंतरही नखांत केशरी. "अरे, माझं पाणी घे. लवकर."

हेर्माननं पिठाची वाटी खाली ठेवली. "आज तुझी पाळी आहे."

"म्हणूनच सांगतोय."

"माझी पाळी शुक्रवारी. आज दार उघडलं तर ती चोरी होते." तो खरोखर विचारात पडला होता. "आणि सभेत मी प्रामाणिक ठरलोय, ओगुस्त. इतिवृत्तात आहे. तूच ठरवलंस."

"बांध जाईल."

"तो जाईल हे मला दिसतंय. पण उद्या तू पुन्हा ठोके मोजलेस तर?"

खालून एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग दुसरा. ओगुस्तनं खिशातून वही काढली, घडी केलेला सरकारी तक्ता काढला, सर्व हक्कदारांच्या संमतीचा, आणि हेर्मानच्या पाठीवर ठेवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागला. पाठीवर लिहिताना हेर्मान वळून वळून विचारत होता की नाव पूर्ण लिहिलंस का, तारीख टाकलीस का.

"वाच."

ओगुस्तनं वाचलं. "मी, ओगुस्त साविओ, हेर्मानला विनंती करतो की त्यानं माझ्या पाळीतलं पाणी चोरावं. कमी चोरू नये."

"कायमचं लिही."

त्यानं 'कायमचं' लिहिलं. सहीला अंगठाही उठला, केशरी. हेर्माननं कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, वर बटण लावलं, आणि मग उठून दोन्ही हातांनी दाराची फळी वर ओढली. पाणी भसाभसा त्याच्या बागेत, तिथून अंगणात आणि अंगणातून तळ्यात शिरलं. मासे आधी घाबरले आणि मग खूश झाले. ओगुस्तच्या बांधाचा फुगवटा तिथेच थांबला. तीन दगड गेले, झाड एकही नाही.

ही गोष्ट गावात पोचायला दुपार लागली नाही. हेर्माननं तो कागद कॅफेत एकदाच दाखवला, पण तेवढं पुरलं. शहाण्या माणसांना मापाचं महत्त्व सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत सरपंचाच्या गोठ्याशी गवत उकरलेलं दिसलं, आणि पाद्रीबुवांनी कारंजं पुन्हा जोडलं. लुसिएननं पाइप जोडला, पण ओगुस्तच्या पाळीच्या दिवशी न उघडण्याच्या अटीवर, आणि ती अट तिनं स्वतःच घातली होती, म्हणजे ती पाळली जाणार होती. फळ त्या वर्षी उशिरा आलं, मुठीएवढं, आणि पहिली टोपली हेर्मानकडे गेली.

पुढच्या पाळीला, ऑगस्टातल्या एका निवांत दुपारी, ओगुस्त बागेत खुर्ची टाकून बसला. घड्याळ काढलं. एकेचाळीस. पाणी वडिलांच्या मापानं, गुणगुणत, आळ्याआळ्यांतून फिरत होतं. वर कुठेतरी गाय हक्क नसलेलं पाणी पीत होती, कुठेतरी सॅलड ओलं होत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं. त्यानं डोळे मिटले.

तीन वाजता सवयीनं पुन्हा मोजले. त्रेचाळीस.

तो सावरून बसला. पुन्हा मोजले, ओठ हलवत, एकेक. त्रेचाळीस.

गावात कुणीतरी प्रामाणिक झालं होतं. ओगुस्तनं वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, आणि बूट शोधायला उठला.